पानांचा गुराखी

वेस्ट विंडसरमधला आमचा शेजारी कॅमेरूनचा, तुपुरी बोलणारा. अंगणातली पानं हवेने ढकलत गोळा करणाऱ्या लीफ ब्लोअरला आपण लीफ ब्लोअर म्हणून मोकळे होतो. त्याला ते चालत नाही. आपल्या भाषेतले जुने दोन शब्द जोडून तो नवं नाव घडवतो आणि गावी आईला व्हिडिओ कॉल लावतो. तिने ते स्वतःहून वापरलं तरच पास. डिशवॉशरचं नाव तीनदा नापास झालं, तेव्हा हा बाबा रुसून आठवडाभर हातानेच भांडी घासत होता.

शनिवारी घरघरतं मशीन पाठीवर घेऊन तो ड्राइव्हवेत नाचत होता.

"पास! पानांचा गुराखी!"

"आई काय म्हणाली?" मीही ओरडलो.

"म्हणाली, आधी तो पानांचा गुराखी बंद कर, मला काही ऐकू येत नाही!"

आणि तो बंद न करताच पुन्हा नाचू लागला.