घोरणं थांबलं की जाग येते

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. सासूने नाही, दिराने नाही, शेजारच्या विमलने तर मुळीच नाही! आणि आता? लिंबायतच्या आमच्या गल्लीत बायका साड्यांना लेस लावायला बसल्या की माझ्याच घरातले किस्से. एक ओढला की दुसरा आपोआप निघतो. म्हटलं, मीच लिहिते. दुसरी कोणी मीठमसाला घालेल!

आमचे हे कापडाच्या लूमवर रात्रपाळीला. सकाळी येऊन झोपले की पत्रा हलायचा एवढं घोरणं. लोकांना त्या आवाजाचा त्रास. मला नाही! लूमच्या खटखटाटात संसार केलेली बाई मी. आवाज थांबला की माझा जीव घाबरतो. आणि ह्यांचं घोरणं मधेच थांबायचं. श्वासच थांबायचा!

सासूबाई लेकाची बाजू घेत म्हणाल्या, "मना आंडोर गाढ झोपस. तूच नाटकी!"

"गाढ झोपलेल्या माणसाचे ओठ निळे पडतात का?"

आठवडाभर बोलल्या नाहीत. बरं वाटलं.

*

मग हे चालू लूमसमोर उभ्या उभ्या झोपले. बाही आत ओढली गेली. बाजूच्या कारागिराने स्विच बंद केला म्हणून हात वाचला! शेठ गुजरातीत म्हणाला, "काका, घरे जईने सूई जाव." म्हणजे घरी जाऊन झोपा, कामावर नको!

काम जाणार म्हटल्यावर दीर लगेच दवाखान्यात यायला तयार. श्वासासाठी नाही हां, पगारासाठी!

*

आधी नाकावर हवा मारणारा मास्क दिला. ह्यांनी झोपेत ओढून कोपऱ्यात फेकला. विमल बघायला आली. "अगं, भाऊंना विमानात बसवलं का?"

*

मग मोठा दवाखाना. तिथे नवीन उपचार करून बघत होते, यंत्रही त्यांचंच, फुकट. डॉक्टरबेनने समजावलं. झोपेत जीभ मागे पडते, श्वासाची वाट अडते. छातीत कातडीखाली छोटं यंत्र बसवायचं, त्याची वायर जिभेच्या नसेपर्यंत. श्वास घेतला की नसेला हलका करंट, जीभ पुढे!

मी विचारलं, "जीभ भाजणार नाही ना? लाईट गेली तर? जेवताना करंट लागला तर?"

"बेन, ऑपरेशन तुम्हीच करा!"

"शिकवा, करते. चौथी पास आहे."

*

जखम भरल्यावर महिन्याभराने यंत्र चालू केलं. डॉक्टरबेनने बटण दाबलं आणि ह्यांची जीभ दातांबाहेर! बोलायला गेले तर नुसतं ऑ-ऑ!

मी म्हटलं, "पुन्हा दाबा बघू."

पुन्हा बाहेर!

झोपताना चालू करायला घरी रिमोट दिला. गल्लीत ही बातमी पोचायला वेळ लागतो का? विमल कानाशी येऊन म्हणाली, "सुमनताई, एक दिवस द्या ना. सासूवर चालवून बघते!"

*

परवा तीच विमल धावत आली. "ताई, मशीन बिघडलं! दुपारभर भिंतीपलीकडून घोरणं!"

सासूबाई गावाला, घरात आम्ही दोघंच. ह्यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबेनने तपासलं. "यंत्र एकदम बरोबर आहे."

"मग विमल खोटं बोलते?"

हे खाली बघत म्हणाले, "खोटं नाही. घोरणारं माणूस दुसरं आहे. घोरण्याचं काही नाही, पण मधेच श्वास थांबतो. मग मला जाग येते."

"काहीतरीच! मी तिथेच झोपलेली असते. मला कसं नाही ऐकू आलं?"

डॉक्टरबेन म्हणाली, "काका, नाव सांगा. त्यांनाही तपासावं लागेल."

मी टेबलावर हात आपटला. "सांगा की! घाबरता कोणाला? घ्या नाव!"

ह्यांनी डॉक्टरबेनकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

"सुमन."