भारीतला तांदूळ

विजयदुर्गच्या बंदरात बोट लांबच उभी राहायची. आपण पडावातून तिच्यापर्यंत जायचं आणि वरून टाकलेल्या शिडीने चढायचं. मी गेले तेव्हा स्वातंत्र्याला वर्ष होऊन गेलं होतं आणि माझ्या लग्नाला चार महिने. हे पुढे, मी मागे. आई गुडघाभर पाण्यात उतरून पडावाची कड धरून उभी होती. बाकीच्या बायका रडत होत्या, ती नाही. ती मला विचारत होती, "थंय भात कसलो मेळतलो गो?" मुंबईकडे भात कसला मिळणार, एवढीच तिला काळजी. मी म्हटलं, "मेळात कसलो तरी." तशी म्हणाली, "उपाशी रवू नको." पडाव हलला आणि तिच्या हातातून कड सुटली.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे बोटीत बसून इकडे आलेल्यांनो, मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. लिहायची सवय नाही. पण आईबद्दल एक गोष्ट तुम्हांला सांगायची राहिली आहे. ती आजवर फक्त माझा भाऊ वसंता आणि माझे यजमान या दोघांनाच ठाऊक आहे.

आमचं बिऱ्हाड ठाण्याला, कोपरीत. स्टेशनच्या पूर्वेला एका बैठ्या चाळीत एक खोली, पुढे पडवीएवढी गॅलरी. हे गिरणीत. चाळीच्या मागे आगरी लोकांची घरं होती आणि त्यापलीकडे मिठागरं. उन्हाळ्यात मिठाचे ढीग दुपारी डोळ्यांवर यायचे. शेजारची जनाबाई त्या घरांतलीच. तिचा नवरा मिठागरावर जायचा. पहिल्या दिवशी रेशनच्या लाइनीत तिनेच मला पुढे घेतलं होतं.

तो पहिला रेशनचा तांदूळ मी विसरणार नाही. दुकानदाराने पिशवीत ओतला तेव्हा धूळ उडाली. घरी येऊन सुपात घेतला तर त्यात खडे, गोणीचे धागे, टोके-किडे आणि अर्धी कणी. शिजायला लागला तसा ओल्या पोत्याचा वास खोलीभर झाला. आपल्याकडे उकड्या तांदळाची पेज चुलीवर असली की वास अंगणापर्यंत यायचा. लालसर भात, वर पेजेचं पाणी, बाजूला भाजलेला सुका बांगडा. मी पहिला घास तोंडात घेतला आणि मला तो गिळवेना. हे मुकाट्याने जेवत होते. म्हणाले, "पंधरा दिवस त्रास होतो. मग कळेनासं होतं." खरंच तसंच झालं. कार्डावर कधी मका मिळायचा, कधी लाल गहू. त्यांच्या भाकऱ्या थापायला मी शिकले. पंधरा दिवसांनी वास कळेनासा झाला. त्याचं तेव्हा बरं वाटलं होतं.

पुलावरून पलीकडे, बाजारपेठेत एक मोठं किराणा दुकान होतं. तिथे वकील, मामलेदार कचेरीतले साहेब अशा लोकांच्या घरचं सामान जायचं. काचेच्या बरण्या, छताला टांगलेली सुतळीची गुंडी, आत शिरताच हिंगाचा आणि कॉफीचा वास. धान्यावरचं नियंत्रण उठल्यावर तिथे तांदूळ उघड्यावर मांडलेला दिसायला लागला. मोगऱ्याच्या कळ्यांसारखा पांढरा, एकसारखा, एक खडा नाही. मी भाजी घ्यायला गेले की तिथे उगीच थांबायचे. पिशवी घेऊन आत जायचं धाडस मात्र झालं नव्हतं. आमच्यासारख्यांसाठी स्वस्त धान्याचं दुकान होतं आणि ते आमचं आम्हांला माहीत होतं.

सहा वर्षांनी वसंता आईला घेऊन आला. दिवाळी नुकतीच झाली होती. ती इतकी वाळली होती की फलाटावर मी तिला आधी ओळखलंच नाही. पोटात काही ठरत नव्हतं. सरकारी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी पोट चाचपलं, यांना बाजूला घेऊन काही बोलले आणि मला म्हणाले, "चांगलं, हलकं खायला घाला." बाजूला नेऊन काय सांगितलं ते यांनी मला त्या वेळी सांगितलं नाही. मी 'चांगलं' एवढा एकच शब्द धरून ठेवला.

वसंता शेतीच्या कामाला परत गेला. त्याच दिवशी मी पहिल्यांदा त्या दुकानात पाय ठेवला. दोन शेर तांदूळ मागितला. शेठने कागदात बांधून, सुतळी गुंडाळून दिला. ती पुडी छातीशी धरून मी पूल उतरले तेव्हा मला वाटलं, आता ही बरी होणार.

त्या दिवसापासून शेगडीवर दोन टोप चढायला लागले. एक मोठा आमचा, रेशनचा. एक लहान आईचा. माझी कुसुम तेव्हा चार वर्षांची होती. ती लहान टोपाकडे बघत बसायची. आई विचारायची, "दोन टोप कित्याक?" मी म्हणायचे, "तुझो मऊ शिजवतंय." तिने पहिला घास घेतला तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने सावकाश चावला आणि म्हणाली, "बरो आसा. पण हेका वासच नाय गो." मला राग आला. एवढा भारीतला तांदूळ, आणि हिला वास पाहिजे!

गावी जायला म्हणून डब्यात बाजूला ठेवलेले पैसे त्या तांदळात गेले. तूपही तिथलंच आणायला लागले, मुगाची डाळही तिथलीच. चाळीतल्या बायका बघायच्या. खरं सांगते, त्यांनी बघावं असं मला वाटायचं. शेवंती आईला कसं ठेवते, हे दिसावं असं वाटायचं.

होळी झाली आणि आई गावाकडचं बोलायला लागली. कवळं, म्हणजे झाडांच्या फांद्या, तोडून झाली असतील, आता रोपांसाठी दाढ भाजली असेल, असलं काहीबाही. मग एक दिवस माझा हात धरून म्हणाली, "बोटी बंद होऊच्या आधी माका घराक व्हर."

मी म्हटलं, "आये, थंय काय आसा? हय डॉक्टर आसा, बरो तांदूळ आसा."

"तांदूळ खाऊक इलंय काय मी?"

मी उठले आणि भांडी घासायला बसले. दुसऱ्या दिवशी तिने तेच म्हटलं, तिसऱ्या दिवशीही तेच. हे मला हळूच म्हणाले, "नेऊन सोडू या का? मी रजा काढतो." मी यांच्यावरच ओरडले. म्हटलं, "तिथे तिला खडे निवडून कोण घालणार? वहिनीला पाच पोरं आहेत." तिथल्या भातात खडे नसायचे, हे मला ठाऊक असून मी तसं बोलले.

त्याच आठवड्यात वसंताचं पत्र आलं. लिहिलं होतं, आई लावणी बघितल्याशिवाय राहत नाही, तर बोट बंद व्हायच्या आत तिला पाठव, मी बंदरावर येतो. मी त्याला उत्तर लिहिलं. आई शेगडीपाशी बसली होती आणि मी तिच्यासमोरच लिहिलं, कारण तिला वाचता येत नव्हतं. लिहिलं, "आईला इथे फार बरं वाटतं आहे. ती यायला तयार नाही. म्हणते, शेवंतीकडेच राहीन."

का लिहिलं? तेव्हा स्वतःला सांगत होते, तिच्या भल्यासाठी. आता सांगते ते ऐका. सहा वर्षांत माझ्या माहेरचं माणूस माझ्या खोलीत पहिल्यांदा राहायला आलं होतं. संध्याकाळी दार उघडं ठेवलं की आतून माझ्या भाषेत कुणीतरी बोलायचं. ते मला सोडवत नव्हतं. आणि आपण शहरात येऊन आईला भारीतलं खायला घालतो, हे गावाला कळायला हवं होतं.

पावसाळ्याआधीची शेवटची बोट गेली. तो दिवस मी तिला सांगितला नाही. पण तिला कळलं असावं, कारण त्यानंतर तिने घरी ने म्हणणं बंद केलं. जेवताना आपल्या ताटातला भात ती कुसुमला भरवायची. मी रागावले तर म्हणायची, "तेका वाढूचा आसा." श्रावण लागला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. गावी तार पोचायलाच चार दिवस लागले. सगळं आम्हीच उरकलं, खाडीच्या काठावर. जनाबाईच्या नवऱ्याने आणि मिठागरावरच्या माणसांनी खांदा दिला. तिचं नाव घेऊन रडणारी मी एकटीच होते.

पुढचं वर्ष वाईट गेलं. गिरणीत यांच्या पाळ्या कमी झाल्या. जनाबाई म्हणाली, बाजारपेठेतल्या दुकानाच्या मागे गोदाम आहे, तिथे धान्य निवडायला बायका घेतात, दुपारी चार तास. ते तेच दुकान. मी गेले.

गोदामात आम्ही आठ-दहा बायका सुपं घेऊन ओळीने बसायचो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी नवीन गोणी आल्या. हमालाने तोंडाची शिवण उसवली आणि तांदूळ माझ्यासमोर ओतला. धूळ उडाली. आणि तो वास आला, ओल्या पोत्याचा. वर्षानुवर्षं मला न कळणारा वास त्या दिवशी एकदम कळला. गोणीवरचा शिक्का मी शंभर वेळा रेशनच्या दुकानात बघितला होता.

मी जनाबाईला विचारलं, "जनाबाई, हा रेशनचा तांदूळ?"

"मंग तुला काय वाटला, शेठचे शेतान पिकतंय?" ती हसली. "चालनीन चालायचा, उन्हान घालायचा, आपून निवडायचा. मंग तो भारी व्हतो."

माझे हात थांबले. ती बोलून गेली आणि मग माझ्याकडे बघून तिला आठवलं. मागच्या वर्षी त्या कागदाच्या पुड्या घेऊन मी तिच्याच दारावरून जात होते. तिने सूप खाली ठेवलं. म्हणाली, "शेवंते, मना ठाव असता तर मी बोलले असते गो. मी पन यंदाच येतंय."

मी उठून पुढे दुकानात गेले. शेठ गादीवर होता. गिऱ्हाईक नव्हतं. मी म्हटलं, "शेठ, माझ्या आईला मी तुमच्याकडचा तांदूळ घातला. चांगला म्हणून."

तो काही वाईट माणसासारखा बोलला नाही. म्हणाला, "बाई, खडा लागला का कधी? किडा निघाला का? लोक निवडलेल्या मालाचे पैसे देतात."

खडा लागला नव्हता. किडा निघाला नव्हता. मी त्याला काय सांगणार? पोटातली गाठ कुठल्याच तांदळाने विरघळली नसती, हे तोवर यांनी मला सांगितलं होतं. माझी तक्रार तांदळाची नव्हतीच. ज्या चांगल्यासाठी मी तिला अडकवून ठेवलं ते इथे नव्हतंच. तिची बोट मी चुकवली होती, आणि ते शेठच्या कुठल्या तराजूत घालणार? मी पदराने हात पुसले आणि घरी आले. परत गेले नाही.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुझ्या हातचा जेवली, एवढं धर." मी ते धरू शकले नाही.

त्यानंतरच्या मे महिन्यात मी कुसुमला घेऊन गावी गेले. वसंता बंदरावर आला होता. घरी वहिनीने पेज वाढली, आपल्या उकड्या तांदळाची. वास आला आणि मला ताटावरून उठावं लागलं. मागल्या पडवीत वसंता माझ्यामागे आला, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. पत्राचंसुद्धा.

तो म्हणाला, "म्हणजे आये येवक तयार होती?"

"होती. रोज म्हणायची."

"आणि तू उलटां लिवलंस." तो एवढंच बोलला. पायांत वहाणा घालून मळ्याकडे निघून गेला तो तिन्हीसांजेला आला. मी आठ दिवस होते. तो माझ्याशी वाईट वागला नाही. नारळ सोलून दिले, कुसुमला खांद्यावर घेऊन जत्रेला नेलं. फक्त आईचं नाव त्याने माझ्यासमोर परत काढलं नाही. अजून काढत नाही. पत्रात सगळ्यांची खुशाली लिहितो आणि खाली सही करतो.

आता आम्ही डोंबिवलीला आहोत. जागा मोठी आहे, विहिरीला पाणी आहे, आजूबाजूला अजून शेतं आहेत. यांना पाळ्याही पूर्ण मिळतात. मी तांदूळ स्वस्त धान्याच्या दुकानातूनच आणते आणि दुपारी बसून एकेक दाणा बघून निवडते. आमचा भात पाहुण्यांना भारीतला वाटतो. कुणी विचारलं तर खरं सांगते.

गेल्या वर्षी यांची काकी औषधाला आली होती. दहाव्या दिवशी म्हणाली, मला घरी जायचंय. डॉक्टरांनी महिनाभर थांबा म्हटलं होतं. हे माझ्याकडे बघत राहिले. मी त्याच दुपारी तिची ट्रंक भरली.

ती गेल्यावर कुसुमने मला विचारलं, "आई, तू म्हातारी झालीस की तुला कुठे न्यायचं?" दहा वर्षांची पोर, सहज विचारून गेली. मी गावाचं नाव घ्यायला तोंड उघडलं. पण तिथे आता वसंताचा संसार आहे, आणि त्याच्या उंबऱ्यावर मी पाहुणी, त्यातून अपराधी. डोंबिवली म्हणावं तर ते तोंडात येईना. कोपरीची खोली तर दुसऱ्यांना दिलेली. माझ्या आईला मरताना एवढं तरी माहीत होतं की तिला कुठे जायचंय. मी कुसुमला म्हटलं, "तेव्हा सांगेन." ती खेळायला गेली. मी अजून विचार करते आहे.