रकान्यात मी लिहिलं, ‘काही नाही’

गावाहून आलेला फोन नातीनं उचलला आणि ती धावत माझ्याकडे आली. "आजी, सदाआजोबा संपले." मस्कतजवळच्या अल अमेरातच्या शाळेत इंग्रजीत वाढणारं पोर ते; डब्यातली साखर संपावी तसं तिनं माझ्या दिराला संपवलं. मी आधी हसले... मग तिथेच खाली बसले. आता दीड महिना झाला. दुपारी डोळा मिटला की वादी अदाईचं आमचं जुनं घर दिसतं, खिडकीत तो तपकिरी डोंगर इतका जवळ, की हात लावावा आणि बोटांना त्याची माती लागावी.

सदाभाऊजी एसी दुरुस्त करायचे. आमच्या हॉलमध्ये गादी टाकून राहायचे. बायको सुमती गुहागरजवळ गावी, कारण पगार फॅमिली व्हिसाला पुरत नव्हता. मग त्यांच्या कंपनीला एका सरकारी इमारतीचं काम मिळालं. तिथे पगार जास्त, पण आत शिरायला सुरक्षा खात्याची मंजुरी हवी. मंजुरी आली की सुमती येणार! फॉर्म भरायला भाऊजींनी मला बसवलं, कारण इंग्रजी मोत्यासारखं लिहिणारी घरात मी एकटीच, आणि हे मी दिवसातून दोनदा सगळ्यांना ऐकवायचे.

कर्ज किती, असा रकाना आला. कर्ज होतं. आदल्या वर्षी लेकीच्या लग्नाला मला गावात कुणी पाहिला नसेल असा गारेगार हॉल हवा होता, आणि भाऊजींनी बँकेतून पैसे काढून दिले होते. माझ्या नवऱ्याला आम्ही सांगितलं, ही माझी साठवण. आता हे माझ्या शेजारीच चहा पीत बसलेले, डोळे फॉर्मवर. भाऊजींनी रकान्यावर बोट ठेवलं. मी ते हळूच बाजूला सारलं आणि सुबक वळणात ‘काही नाही’ लिहिलं. खाली एक रेघही ओढली, शोभेसाठी. काय ती ऐट!

नंतर स्वयंपाकघरात ते म्हणाले, "वहिनी, लिहायला हवं होतं."

"घरची लाज परक्यांसमोर मांडतात का भाऊजी?" वर हेही मीच बोलले.

महिन्याभरात नकार आला. बँकेकडून सुरक्षा खात्याला सगळं कळलं होतं. कंपनीची सरकारी कामं बघणारा ओमानी मंदूब दारात उभा राहून कपाळावर हात मारत होता. "लोन प्रॉब्लेम नहीं सदा, हफ्ता तू टायम पे भरता. छुपाया, वो प्रॉब्लेम. छुपाने वाले को कोई भी दबाएगा!" मी दाराआड. भाऊजी म्हणाले, "गलती मेरा." एवढंच... आणि पुन्हा वर्षभर गच्च्यांवरच्या उन्हात गेले. मी यांना सगळं सांगून टाकलं. हे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. माझी तेवढीच शिक्षा.

पुढच्या वर्षी फॉर्म त्यांनी स्वतः भरला, वाकड्यातिकड्या अक्षरात. बँकेचं कर्ज लिहिलं, शिवाय खालच्या मलबारी दुकानदाराची उधारी आणि मित्राकडून घेतलेले पाच रियालसुद्धा. मंदूब हसत सुटला, "यल्ला, मेरा चाय भी लिख!" मंजुरी आली. सुमती आली. तीन वर्षं त्या दोघांनी इब्राच्या बाजारापासून समुद्रापर्यंत सगळं हातात हात घालून पाहिलं, पन्नाशीत! मग भाऊजींची छाती दुखू लागली आणि दोघं गावी परतली.

परवा गावी गेले. सुमतीला म्हटलं, "तुमचं एक वर्ष मी खाल्लं गं."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "ते म्हणायचे, तुला ठाऊक आहे हे वहिनीला कळू देऊ नको. रडेल, आणि फोडणी जाळेल."

जेवणं झाली. बाहेर पावसाचा गारवा होता, तरी तिनं भाऊजींनी स्वतः बसवलेला एसी लावला. मस्कतपासून त्या आवाजाशिवाय तिचा डोळा लागत नाही. पलंगाची अर्धी जागा मोकळी सोडून ती निजली. मी शाल लपेटून खुर्चीत बसून राहिले. दुपार हळूहळू पातळ होत गेली... सुमती कुशीवर वळली आणि झोपेतच म्हणाली, "थोडा कमी करा हो."

मी उठले आणि कमी केला.