बिस्त्रा ओढ्याचा रक्षक

नाव : यांद्रे श्पेहार. वय : एकसष्ट. पूर्वीचा धंदा : बंद पडलेल्या लाकूड कारखान्यात करवतीवर. सध्याचा हुद्दा : परकीय जलचर प्रतिबंधासाठी मानद रक्षक. कार्यक्षेत्र : बिस्त्रा ओढा, खालच्या संगमापासून बंधारा धरून वर उगमापर्यंत. ओळखीची खूण : डाव्या हाताला एक बोट कमी, ते सरकारी कामात गेलेलं नाही.

बंधाऱ्याखाली, जिथे ओढा कोराना नदीला मिळतो, तिथे अमेरिकन शेवंड येऊन ठेपली होती. नदीतली ही शेवंड वीतभर लांब, धट्टीकट्टी, नांगीच्या सांध्यावर पांढरा डाग. नुसतं खाऊन-पिऊन राहिली असती तर गावानं तिला सामावून घेतलं असतं. पण तिच्या अंगावर एक बुरशी असते. तिला स्वतःला त्याचं सोयरसुतक नसतं. गावठी शेवंड मात्र त्या बुरशीनं मरते. आणि ही बुरशी पाण्यातून पसरते. म्हणून यांद्रेला नियम होता : खाली पकडायची, काठावरच मारून पुरायची, खालचं ओलं काही वर न्यायचं नाही. गावठी शेवंडी आता फक्त बंधाऱ्याच्या वर उरल्या होत्या.

जुलैतल्या संत आनाच्या सणाआधी त्याची थोरली बहीण मांदा म्हणाली, "पुरतोस? बादली बादली शेवंड पुरतोस? अरे, आई थडग्यातून उठून कानफटात देईल तुझ्या."

"ताई, नियम आहे."

"नियमाला लसूण घालून बघ, कसा लागतो ते."

गावठी शेवंड पकडायला बंदी येऊन बरीच वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत गावात कुणी शेवंडीचा बुझारा रांधला नव्हता. यांद्रेनं एक बादली जिवंत नेऊन दिली. ती सरळ उकळत्या पाण्यात पडेल, असं तो धरून चालला.

सणाच्या दिवशी वाईन, लसूण, पार्सली घातलेला तो रस्सा यांद्रेनं पावानं पुसून खाल्ला. "चिखलाचा वास म्हणून नाही," तो म्हणाला, आणि पाव हातातच राहिला. "ताई, धुतल्यास कुठे?"

"कुठे म्हणजे? घरामागे, ओढ्यात. आईच्या वेताच्या पेटीत, दोन रात्री वाहत्या पाण्यात. झाकण सुतळीनं आवळलं होतं, एकही निसटली नाही. मी काय आज शेवंडी करतेय?"

मांदाचं घर बंधाऱ्याच्या वर होतं. या गावात चिखल धुवून निघाल्याशिवाय शेवंड भांड्यात जात नाही, हे यांद्रेलाही पाळण्यापासून ठाऊक होतं. ते कसं विसरला, हे तोच जाणे.

"छान झालंय," तो म्हणाला.

ऑगस्टमध्ये गावठी शेवंडी भरदुपारी बाहेर आल्या. दिवसा मुळांखालून न हलणारी ही जात काठ्यांवर चालल्यासारखी ताठ पायांनी उथळ पाण्यात हिंडू लागली. मग उताण्या. यांद्रे रोज जाऊन त्या वेचायचा. मोठ्या माद्या होत्या, काही त्याच्या हुद्द्यापेक्षा जुन्या. मग वेचायला काही उरलं नाही.

जिल्ह्याहून इन्स्पेक्टरीणबाई आल्या. पोरसवदा होत्या, पण शिष्ट नव्हत्या. "काका, बुरशी बंधाऱ्यावर चढली कशी?"

मांदा कुंपणाशी शेंगा सोलत उभी होती. कान इकडेच.

"माझे बूट," यांद्रे म्हणाला. "खालून वर आलो, वाळवले नाहीत."

"काका, तुम्ही?"

"मीच."

बाई गेल्यावर मांदा कुंपणाला टेकून रडली. रडत रडतच म्हणाली, "गाढवा! एवढा ओढा सांभाळायला दिला, आणि तुला बूट वाळवता आले नाहीत? आई असती तर तिनं काय केलं असतं तुझं?"

"मारलं असतं," यांद्रे म्हणाला आणि तिच्या हातातलं शेंगांचं भांडं घेऊन सोलायला बसला.

अहवालात संसर्गाचं कारण नोंदवलं गेलं : रक्षकाची ओली पादत्राणे. यांद्रे पाण्यात नेहमी अनवाणीच उतरत असे.