शेजारणीचं शांघाय
मोगऱ्याच्या चहाचा वास आला की मला दुबईतल्या देऱ्यातली आमची शेजारीण आठवते. तेव्हा बिल्डिंगमधल्या आम्हा सगळ्या मराठी बायकांचा नेम एकच होता, वर्षभर काटकसर करायची आणि सुट्टी लागली की बॅगा फुगवून सासरी जायचं. त्या वर्षीही मी सेंट, दुधाची पावडर आणि नणंदेच्या मुलांचे बूट वाटून, दमून परतले, आणि पहिल्याच शुक्रवारी तिनं मला तो चहा पाजला. "आम्ही दोघं यंदा शांघायला गेलो," ती म्हणाली. दोघं स्वस्तातल्या वसतिगृहात राहिले, दिवसभर पायी हिंडले, नाममात्र तिकिटात बोटीनं नदीपार जाऊन आले, सकाळी बागेत म्हाताऱ्यांबरोबर नाचलेसुद्धा! "अगं, तिथले वाफवलेले डम्पलिंग म्हणजे आपल्या उकडीच्या मोदकासारखे चुण्या पाडलेले, आणि आत गरमागरम रस्सा. दोन दिरहममध्ये पोट भरायचं, म्हणजे फक्त पंचवीस रुपये!" माझ्या पोटात मात्र दुखायला लागलं. "आणि सासरी काय सांगितलंस?" मी विचारलं. "रजा मिळाली नाही म्हटलं. खलास!" ती हसली. मी दुसरा कप घेतला नाही. शांघायचं एक वेळ जाऊ दे, पण एवढी सोपी थाप इतक्या वर्षांत मला का सुचली नव्हती? गेल्या वर्षी मीही शांघाय पाहिलं, चांगल्या हॉटेलात राहून, टॅक्सीनं फिरून. मुद्दाम शोधून त्या बोटीतही बसले. पण सासूबाईंना विचारून.