बिनचूक मालिनीबाई

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आंब्याचा रस डब्यात भरणारा एक कारखाना होता, आणि त्यात मालिनीबाई दामले टायपिस्ट होत्या. सव्वीस वर्षं, एकच टाइपरायटर. चूक नाही म्हणजे नाही! खाडाखोड दिसली की बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, मग ती दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेत का असेना. २००३ साली मॅनेजर श्रीपती बापटांनी त्यांना बोलावून घेतलं. "बाई, जूनपासून सगळी पत्रं काँप्युटरवर. तेव्हा तुम्ही आता..." पुढचं साहेबांनी गिळलं, पण बाई काय दूधखुळ्या होत्या? निवृत्तीला अजून चार वर्षं होती. त्या दिवशी घरी जाऊन बाई ढसाढसा रडल्या.

आणि ऐन मे महिन्यात, माल परदेशी निघायच्या तयारीत असताना, ऑफिसातले सगळे काँप्युटर एकमेकांना जोडणारा स्विच जळला. झालं! एकही कागद छापेना. मुंबईहून नवा स्विच एसटीच्या पार्सलनं आला, पण तो चालू करून देणारा इंजिनिअर रितेश आला नाही. घोड्याएवढा झालेला तो माणूस कांजिण्यांनी अंथरुणात! "लॅपटॉप जोडा, मी फोनवर सांगतो ते कुणीतरी टाइप करा," म्हणाला. काँप्युटरवाली उर्वी बहिणीच्या लग्नाला मुरुडला गेलेली. साहेब स्वतः एका बोटानं टाइप करायला बसले आणि पहिल्याच शब्दात तीनदा धडपडले.

"बोलवा मालिनीबाईंना!"

बाईंनी पदर खोचला, पाठ ताठ केली, बोटं ठेवली.

"एकेक ओळ द्यायची," फोनवरून रितेश म्हणाला. "स्विचला पटली नाही तर खाली टोपीसारखी खूण करतो."

"माझ्या टायपिंगखाली? बघूच!"

"एनेबल." खटाखट. "कॉन्फिगर टर्मिनल." खटाखट. स्विच गपगुमान ऐकत होता. "इंटरफेस व्हीलॅन वन."

टोपी.

"मेल्या, माझी चूक काढतोस?" बाई स्विचवरच खेकसल्या. पुन्हा मारलं. टोपी! रितेशनं वाचून दाखवायला सांगितलं, बाईंनी अक्षर न् अक्षर वाचलं. "बरोबर आहे, काकू." "काकू तुझ्या घरी! दामलेबाई म्हण." पुन्हा टोपी. दुसरी ओळ, तिसरी ओळ, टोपीच टोपी.

"मग स्विचच खराब आहे," रितेश म्हणाला. "परत पाठवा." हे ऐकून साहेब जे तापले, ते फोन हिसकावून खिडकीपाशी गेले आणि रितेशच्या कांजिण्यांसकट त्याचा उद्धार करू लागले.

इतक्यात धाकू शिपाई चहा घेऊन आला. पाठीमागून तो बाईंची बोटं बघत होता.

"बाय, येक तर हितं वर हाय ना?" म्हणाला आणि आकड्यांच्या रांगेतली कळ दाखवून निघून गेला.

बाईंना दरदरून घाम फुटला. त्यांच्या जुन्या टाइपरायटरला एकची कळच नव्हती! एक हवा असला की इंग्रजी लहान एल दाबायचा. कागदावर कुणाच्या बापाला कळत नाही. सव्वीस वर्षं बोटं आपोआप तिथेच जात होती, आणि टोपी पडलेल्या प्रत्येक ओळीत कुठे ना कुठे एक होताच. बाईंनी चाचपडत खरा एक दाबला. स्विचनं ओळ निमूट घेतली.

तासाभरात ऑफिस चालू. रितेश फोनवर माफी मागत होता, "स्विचचंच काहीतरी होतं, बाई." साहेब खूश. बाईंनी तोंड मिटून चहा प्यायचा, की झालं! पण बाईंनी कप खाली ठेवला.

"साहेब, यंत्र शहाणं होतं. त्या पोराला उगाच बोललात. चूक माझी होती." आणि बाईंनी सगळं सांगून टाकलं.

साहेब खो खो हसले. "अहो, चालायचंच! सव्वीस वर्षांत एक चूक! आणि ऐका, जूनपासून ह्या खोक्याचं सगळं तुम्हीच बघायचं."

बाईंचे डोळे भरून आले. गप्प बसायला हवं होतं, त्यांना कळत होतं. पण जित्याची खोड!

"एक नव्हे, साहेब. अकरा टोप्या. मोजल्यात मी."