सासूबाईंचा मोतीबिंदू आणि माझा टॉप-अप

आमच्या घरात विम्यातलं सगळं मला कळतं, असं मीच जाहीर केलं होतं.

निर्मळला राहणाऱ्या सासूबाईंच्या आरोग्य विम्याचं वर्ष संपत आलं होतं. नायगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मी तीन व्हिडिओ पाहिले (तिसरा कुकरच्या दुसऱ्या शिट्टीपर्यंत) आणि शोध लावला : जुना विमा पाच लाखांचा आणि महाग, सुपर टॉप-अप वीस लाखांचा आणि स्वस्त!

"अहो, कंपनीचं डोकं फिरलंय!" मी नवऱ्याला म्हणाले.

"कुणाचं तरी नक्की फिरलंय," तो म्हणाला. मी दुर्लक्ष केलं. टॉप-अप घेतला, जुन्याचा हप्ता भरलाच नाही. वर निर्मळला जाऊन सासूबाईंच्या दोन शेजारणींनाही हेच ज्ञान वाटून आले. फुकट!

तीन आठवडे झाले आणि सासूबाई मोगऱ्याच्या गजऱ्यात लसणीच्या पाकळ्या ओवायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू. मी ऐटीत हॉस्पिटलच्या विमा खिडकीवर कागद ठेवले.

तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, हा टॉप-अप आहे. याला पाच लाखांचा डिडक्टिबल आहे."

"अरे वा! म्हणजे पाच लाख सूट?"

"सूट नाही हो! पहिले पाच लाख तुम्ही भरायचे, नाहीतर तुमचा मूळ विमा भरणार. त्याच्या वर खर्च गेला, तरच हा कामाला येतो."

तरी मी हिंमत सोडली नाही. "मग पाच लाखांच्या वर नेता येईल का? डॉक्टरांशी बोलून बघा ना!"

मागून सासूबाई म्हणाल्या, "अगं, एका डोळ्याला एवढं काय लावणार? सोन्याचा बसवणार?"

"मूळ विमा कुठाय?" मुलीने विचारलं.

"तो... मी संपू दिला."

आख्खी रांग माझ्याकडे वळली. (मोतीबिंदूवाल्यांनासुद्धा मी स्पष्ट दिसत असणार!)

त्या मुलीने जुनी पॉलिसी मागवून तारीख पाहिली. "हप्ता भरायच्या सवलतीचे दिवस अजून शिल्लक आहेत. आजच भरा, जुने हक्क राहतील. मधल्या दिवसांतला खर्च मिळणार नाही, म्हणून ऑपरेशन हप्ता भरल्यावर करा. मोतीबिंदू काही पळून जात नाही."

मी तिथेच उभ्या उभ्या हप्ता भरला. मग आठवलं, शेजारणी! स्कूटर निर्मळच्या दिशेने सोडली. दोघी ओट्यावर वाल सोलत होत्या.

"काकू, जुना विमा बंद करू नका! दोन्ही लागतात! छोट्या आजाराला जुना, मोठ्याला त्याच्यावर टॉप-अप!"

"आम्ही कुठे बंद केला?" एक शांतपणे म्हणाली. "तुझ्या सासूबाईंनीच सांगितलेलं, सुनेचा सल्ला लोणच्यासारखा महिनाभर मुरू द्यायचा."

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. खर्च जुन्या विम्याने दिला, टॉप-अप मोठ्या आजारपणासाठी तसाच राखून राहिला. डोळ्यावरची पट्टी निघाली आणि सासूबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मला भरूनच आलं.

"सूनबाई," त्या हळुवारपणे म्हणाल्या, "तू माझ्यासाठी एवढं धावलीस. आता स्वतःचाही विमा काढ."

"काढते हो, आई."

"आणि ज्येष्ठांचाच बघ."

मी सेहेचाळीस वर्षांची आहे!